गाठोड्याचं कडवं

४ फेब्रुवारी, मंगळवार

बार्न्याने आज नवं खेळणंही निकालात काढलं. सूनबाईंनी मागवलेलं, लाकडी, खणाखणांचं. झाकण नाकाने सरकवलं की आत बिस्किट. खोक्यावर लिहिलं होतं, फार हुशार कुत्र्यांसाठी. माझा चहा निवायच्या आत सगळे खण रिकामे. मग माझ्याकडे बघत बसला, पुढे काय?

आठवड्याला काहीतरी येतं. चाटायची रबरी चटई, नाक खुपसायचा चिंध्यांचा गालिचा. दिवसभर या घरात दोन जीव असतात. एकाच्या मेंदूला चालना हवी म्हणून दारात पार्सलं येतात. दुसऱ्याला रिमोट दिलाय.

मिलिंद सकाळी लंडनच्या ट्रेनला, रेणुका इथल्याच बिझनेस पार्कमध्ये. दोघं जाताना म्हणतात, "बाबा, बार्नीकडे बघा हं." बार्न्याला काय सांगून जातात कोण जाणे.

दुपारी आमचा खरा खेळ. याला हॉलमध्ये बसवायचं, "थांब" म्हणायचं, आणि मी कविता म्हणत घरभर फिरायचं. पाचवीच्या पुस्तकातली नावाड्याची कविता. कडव्यागणिक एक बिस्किट लपवायचं. घाटाच्या पायऱ्यांचं कडवं आलं की जिन्याची पायरी. होडीचं आलं की मि.चा बूट. वल्ह्याच्या कडव्याला छत्र्यांची कुंडी. असं पैलतीरापर्यंत. जागा रोज थोड्या बदलायच्या, पण कडव्याशी नातं ठेवून, म्हणजे वेगळं लक्षात ठेवायला नको. मग "शोध" म्हटलं की हा सुटतो. ट्रेनर बाई हेदर म्हणाली होती, नाकाने शोधायला लावा, तासभर चालण्यापेक्षा कुत्रा जास्त दमतो. कवितेची भर माझी.

तो कविता संपेपर्यंत कान हलवत नाही. आम्ही पोरं एवढी शहाणी नव्हतो. कृष्णेकाठची शाळा, वरून पत्रे, गुरुजी डस्टरने टेबलावर ताल धरायचे. शेवटच्या कडव्याला आमचा आवाज चढायचा, कारण त्यानंतर मधली सुट्टी.

सांगलीत आता ती शाळा आहे की नाही, माहीत नाही. विचारणार कुणाला?

६ फेब्रु., गुरु.

लाउंजमधली मोठी उशी फाडली. कापूस जिन्यापर्यंत. मी वर जरा लवंडलो होतो, खाली आलो तर हा कापसात बसलाय, शेपटी हलवतोय. लाज नाही.

रे. आल्यावर कमरेवर हात ठेवून उभी. "बार्नी! तू? You?" कुत्र्याशी बोलली, मग माझ्याशी. "बाबा, आज खेळ झाला का तुमचा? उशीत काही ठेवलं होतंत?"

म्हटलं, खेळ झाला, उशीत काही नाही. मनात कविता म्हणून पाहिली, पायरीपासून पैलतीरापर्यंत. उशी कुठेच बसत नव्हती.

त्याला रागावलो. कंझर्व्हेटरीत, मागच्या काचेच्या खोलीत, घालून दार लावलं. काचेला नाक लावून बसला. मी पाठ करून बसलो. अशा वेळी पाठच करावी लागते, नाहीतर माणूस विरघळतो.

आमच्यात दोन दिवस बोलणं नाही असं ठरवलं होतं. संध्याकाळी पायाशी येऊन झोपला. ठराव फेटाळला गेला.

९ फेब्रु., रवि.

मि.ने पुन्हा हॅरोच्या वृद्धाश्रमाचा विषय काढला. जानेवारीत दुधाचं भांडं जळलं तेव्हापासून त्याच्या लॅपटॉपवर त्या होमचे फोटो आहेत. आपली माणसं, वरणभात मिळतो, दर गुरुवारी भजनं.

"मला भजनं कधी आवडत होती रे?"

"बाबा, ते एक example झालं. कंपनी मिळेल तुम्हाला."

"आणि बार्न्या?"

"तिथे pets allowed नाहीत. पण आत्ता कोण म्हणतंय जा म्हणून? नुसतं बघून ठेवू. आणि GP कडे, आपल्या डॉक्टरकडे, एकदा मेमरीची टेस्ट. Routine असते."

दूध कुणाचंही जळतं. मि.च्या आईचं, सुमनचं, महिन्यातून एकदा जळायचं, तिला कुणी टेस्टला नेलं नाही. शेगडीपाशी उभं राहून खिडकीबाहेर बघायची आणि वास आला की माझ्यावर ओरडायची, तुम्ही घरात असून तुम्हाला कळत नाही? ती असती तर मि.ची हिंमत नव्हती.

मी पोराला म्हटलं, पाचवीपासून अकरावीपर्यंतची कुठलीही कविता विचार. तो हसला. "तेच तर बाबा. तुमची मेमरी माझ्यापेक्षा भारी आहे. फक्त टेस्ट करू." याला म्हणतात पोटात शिरणं.

११ फेब्रु., मंगळ.

आज फार वाईट झालं.

रे.ची ऑफिसची बॅग. आज ती घरून काम करत होती, दुपारी दातांच्या डॉक्टरकडे गेली तेव्हा बॅग हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली. मी खेळ संपवून वर. परत आली तर बॅगेचं अस्तर बाहेर, पट्टा चावलेला, लॅपटॉप फरशीवर, काच तडकलेली. ऑफिसचा लॅपटॉप. कुत्र्याने फोडला असं ऑफिसात सांगायचं म्हणजे शाळेतल्या पोराची सबब, असं म्हणाली आणि रडली. रडताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

रात्री जेवणं झाली. मग मि.: "बाबा, एकदाच विचारतो. बॅगेत बिस्किट ठेवलं होतंत का? चुकून?"

"नाही."

"नक्की?"

"माझी कविता मी विसरेन?"

"नाही नाही. I believe you."

विश्वास ठेवला. म्हणजे दोष राहिला एकट्या बार्न्यावर. तो टेबलाखाली होता, सगळं ऐकत.

१३ फेब्रु., गुरु.

हेदर येऊन गेली. गुडघ्यापर्यंत बूट, खिशात शिट्टी. बार्न्याने तिच्यासमोर सगळी कला सादर केली. बस, पड, थांब, दुसऱ्या खोलीतून हाक मारली तरी थांब. हाताच्या तळव्यावर बिस्किट ठेवून ती मागे सरकली, याने डोळे फिरवले पण तोंड नाही. असा विद्यार्थी शंभरात एक, म्हणाली. मग असं का वागतो?

रे.ला विचारलं, दिवसा त्याच्याबरोबर कोणी असतं का?

"माझे सासरे असतात."

"नाही, म्हणजे कोणी चालतं-फिरतं?"

मी त्याच खोलीत होतो. तिला हसून दाखवलं. मराठी माणूस अपमान झाला की आधी चहा विचारतो. विचारला. नको म्हणाली.

तिचं मत असं की कुत्रा कंटाळलाय. लपवाछपवीचा खेळ तूर्त बंद करा, नाहीतर तो सगळ्याच वस्तू उकरायच्या असं समजेल. आणि शक्य असेल तर जास्त माणसांचं, मोठ्या बागेचं घर त्याला बरं.

खेळ बंद. मी शब्द दिला.

दुपारी नेहमीच्या वेळेला स्वतःहून हॉलमध्ये जाऊन बसला. म्हटलं, सुट्टी आहे रे आजपासून. त्याला 'सुट्टी' कळत नाही. बराच वेळ बसून होता.

१५ फेब्रु., शनि.

ठरलं.

रे.च्या ऑफिसातली क्लेअर. अँडोव्हरच्या अलीकडे खेड्यात घर, मागे शेत, घरात आधीच एक कुत्री. तेवीसच्या रविवारी बघायला येणार, पसंत पडला तर त्यानंतरच्या शनिवारी घेऊन जाणार. बघायला येणार, पसंत पडला तर! आमच्याकडे मुलींचं असंच होत असे, निदान पोहे तरी व्हायचे.

मि. माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेवर टेकला. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवायला असाच टेकायचा. "बाबा, मला पण नकोय हे. पण रेणुकाचा जॉब आहे. आणि उद्या कुणाला चावला तर?"

"तो चावेल?"

"उशी फाडेल असं तरी वाटलं होतं का?"

 मी स्वतःच त्याला गुन्हेगार ठरवून बसलो होतो. आतल्या आत एक राग होता बार्न्यावर, तो लिहून टाकतो. एवढं शिकवलं, एवढं जीव लावून शिकवलं, आणि मला तोंडघशी पाडलंस. याच्या जागी मि. असता तर हेच म्हणालो असतो. म्हणालोही होतो, बारावीला.

१८ फेब्रु., मंगळ.

दिनूचा कॉव्हेंट्रीहून फोन. शाळेपासूनचा एवढा एकच उरलाय, जो मला वश्या म्हणतो. गाड्यांच्या कारखान्यात आयुष्य गेलं त्याचं, आता गुडघे गेले. मी रडगाणं लावलं, कुत्रा बिघडला, खेळ बंद, पुढच्या शनिवारी पाठवणी.

"थांब, थांब. तुझ्या कुत्र्याला पाचवीची कविता येते? माझ्या नातवाला मराठीत पाणी मागता येत नाही लेका!"

"येत नाही, ऐकतो."

"ऐकतो तरी. म्हण बघू. मी ताल धरतो."

त्याने पलीकडे कशावर तरी टकटक सुरू केली, गुरुजींसारखी. मी सुरू केली. घाट, होडी, वल्हं. छान लागली होती. संध्याकाळ उतरते ते कडवं घेतलं, आणि टकटक थांबली.

"अरे वश्या! म्हातारी कुठे बुडवलीस?"

"कुठली म्हातारी?"

"कुठली काय? गाठोडंवाली! वल्ह्यानंतर ती येते, गाठोडं डोक्यावर घेऊन, नावाड्याला थांब म्हणते. ते कडवं तर तू गॅदरिंगला म्हटलं होतंस. डोक्यावर आईचं लुगडं बांधून! सगळी शाळा हसत होती."

मी हसलो. तोही खूप हसला, खोकेपर्यंत. म्हणाला, "घे, पहिल्यापासून," आणि त्यानेच म्हातारीचं कडवं म्हटलं. शब्द न् शब्द. मी ऐकत होतो. ते कडवं मी जन्मात पहिल्यांदा ऐकतोय असं वाटलं. मग तिसऱ्या ओळीला एकदम सगळं आलं, लुगड्याच्या वासासकट.

फोन ठेवला. कितीतरी वेळ हॉलकडे बघत बसलो. जिथे बॅग होती त्या भिंतीकडे.

१९ फेब्रु., बुध.

झोप नाही.

आता नीट लिहितो, म्हणजे नंतर फिरवता येणार नाही. म्हातारीच्या गाठोड्याला मी धुण्याची टोपली धरत असे. टोपलीत कपड्यांच्या खाली बिस्किट. रे.ने टोपली वर नेली, तेव्हापासून गाठोड्यासारखं जे दिसेल ते. उशी. बॅग. लपवताना कविता जिभेच्या सवयीने पूर्ण येत असणार, हातही सवयीने ते कडवं पुरं करत असणार. मागाहून आठवायला बसलो की तेवढं कडवं नाही. भोक पडल्यासारखं नाही. भोक तरी दिसतं. इथे कडेला कड जुळलेली, वल्हं आणि मग सरळ संध्याकाळ.

बार्न्याने काय केलं? जे शिकवलं ते. 'शोध' म्हटलं, त्याने शोधलं. चेन लावलेली उशी होती, बकलाची बॅग होती, मी बाजूला नव्हतो काढून द्यायला. फाडून काढलं. एक बिस्किट राहिलंय हे या घरात फक्त त्याला माहीत होतं.

आणि मी त्याला काचेबाहेर बसवलं.

हेदर म्हणते कंटाळलाय. मि. म्हणतो बिघडलाय. मी म्हणालो, लाज नाही.

दुपारी त्याच्यापुढे जमिनीवर बसलो. उठताना सोफा धरावा लागला. त्याने माझा कान चाटला. माफी वगैरे काही नाही, कानाला सकाळचं तेल होतं.

२० फेब्रु., गुरु.

दोन वाटा आहेत, दोन्ही मला कळतात.

गप्प बसलो तर पुढच्या शनिवारी तो जाईल, मी राहीन. सांगितलं तर तो राहील. मग मि. त्या टेस्टची तारीख घेईल, मग हॅरो. वरणभात, गुरुवारी भजनं. कुत्र्याला परवानगी नाही.

कसंही केलं तरी या घरातून एक जण उठणार, आणि आम्ही दोघं एका घरात राहणार नाही.

त्याला शेत मिळेल, दुसरी कुत्री मिळेल. मला काय मिळेल? असाही विचार केला. अगदी शांतपणे केला, बिस्किट चहात बुडवत. म्हातारपणी माणूस उदार होतो असं कुणी सांगितलं? तुकड्यातुकड्यांनी चिकट होत जातो.

मग रे.चं वाक्य आठवलं. काल हळू आवाजात फोनवर क्लेअरला सांगत होती, तो चांगला आहे, पण आता भरवसा नाही.

भरवसा नाही. हे त्याच्या नावावर लागलं. आयुष्यभर राहील. क्लेअरच्या घरात काही फाटलं की आधी याच्याकडे बघतील.

२१ फेब्रु., शुक्र.

सांगितलं.

जेवताना, दोघांच्या समोर. सगळं, दिनूच्या फोनपासून. बॅगेत मीच बिस्किट ठेवलं, मला आठवत नव्हतं, कडवं गळलं होतं.

मि.ने चमचा खाली ठेवला. रे.कडे बघितलं. मग माझ्या मनगटावर हात ठेवला आणि इतक्या मायेने म्हणाला, "बाबा. असं करू नका ना."

"काय करू नको?"

"त्याला वाचवायला तुम्ही हे सांगताय. मला कळतं. पण तुम्ही स्वतःवर का घेताय?"

"अरे, खरंच सांगतोय."

"त्या दिवशी मी दोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, माझी कविता मी विसरेन? आणि आता जायची वेळ आल्यावर कडवं विसरलो? Come on, बाबा."

मी चिडलो. "तुलाच माझी टेस्ट करायची होती ना? मग घे. भांडं जळलं तेव्हा माझी स्मरणशक्ती गेली, आणि आता मी स्वतः सांगतोय तेव्हा ती भारी?"

रे. म्हणाली, "मिलिंद, ऐकून तरी घे." मग माझ्याकडे वळून, "बाबा, म्हणून दाखवता का? ती कविता?"

म्हटलं, दाखवतो. आत्ताच.

उभा राहिलो. खुर्चीची पाठ धरली. बार्न्या उठून हॉलमध्ये गेला आणि बसला, त्याला वाटलं खेळ.

घाट. होडी. वल्हं. मला माहीत होतं की आता खड्डा येणार. आणि म्हातारी आली. गाठोडं डोक्यावर घेऊन, ठसक्यात, नावाड्याला थांब म्हणत. मी बोलावली नव्हती. जिभेवर आपोआप चढली. थांबवता आली असती. ओठ मिटायचे फक्त. पण ते कडवं असं तालात येत होतं, इतकं भरलेलं, सांगलीच्या पत्र्यावरच्या उन्हासारखं, की मधेच तोडणं माझ्याच्याने झालं नाही. सातही कडवी म्हटली. शेवटच्या ओळीला आवाज चढला. शाळेत चढायचा तसाच.

रे.ने टाळ्या वाजवल्या. मि.चे डोळे भरले. "बघा. I told you. एक शब्द चुकला नाही."

असं फजित कुणी झालं नसेल. शाबासकी मिळून.

२३ फेब्रु., रवि.

क्लेअर आणि नवरा. दोघं भले. पायाला चिखल होता म्हणून बूट दाराबाहेर काढून आले, हे मला आवडलं, आवडलं याचा राग आला.

बार्न्याने पंजा दिला. नवरा म्हणाला, कसा जेंटलमन आहे. क्लेअर माझ्याजवळ येऊन बसली, हळू बोलली, तुम्हाला हवं तेव्हा भेटायला या, आम्ही गाडी पाठवू. काय म्हणणार? थँक यू म्हटलं. ते वाईट असते तर सोपं गेलं असतं.

जाताना तिने विचारलं, त्याला काही खास आवडतं का? खेळ वगैरे?

मि. म्हणाला, "He likes poetry." सगळे हसले. मीसुद्धा.

शनिवार पक्का.

२५ फेब्रु., मंगळ.

दिनूला फोन केला. त्याला सांगितलं की कविता मुलासमोर पूर्ण आली.

"मग रडतोस कशाला? चांगलंच आहे की!"

त्याला समजावता आलं नाही. मग तो म्हणाला, "वश्या, मला पण हल्ली शेजाऱ्याचं नाव आठवत नाही. मी त्याला नुसतं मेट म्हणतो, म्हणजे दोस्त. इथे सगळ्यांनाच मेट म्हणता येतं, बरं आहे."

हसलो आम्ही. पण त्याने फोन लवकर ठेवला. त्याला भीती वाटली असणार, माझ्याकडून विसरणं लागेल म्हणून.

बार्न्याचं अंथरूण रे.ने धुवायला टाकलं. क्लेअरकडे स्वच्छ जायला हवं.

२७ फेब्रु., गुरु.

रे. आज ऑफिसातून दुपारीच आली. कोट न काढता कंझर्व्हेटरीत माझ्यासमोर बसली. मूठ उघडली. तळहातावर बार्न्याचं बिस्किट.

"बाबा, हे माझ्या नव्या बॅगेत होतं. आतल्या कप्प्यात. मीटिंगमध्ये पेन काढताना हाताला लागलं."

नवी बॅग तिने आल्या दिवसापासून उंच खुंटीवर टांगलेली आहे, कुत्र्याचं नाक पोचू नये म्हणून. सोमवारी आणली. खेळ बंद होऊन किती दिवस झाले. मी शब्द दिला होता. आणि मला काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. खुंटीपर्यंत हात नेल्याचंसुद्धा नाही. शुक्रवारी चुकीचा ठरलो तेव्हा निदान आपण खरं सांगतोय याचा आधार होता. आज बरोबर ठरलो, आणि पायाखाली काही नाही.

"तुम्ही खरं सांगत होतात ना?" ती म्हणाली.

"हो गं."

"आम्ही ऐकलं नाही."

"मीच छान म्हटली ना. सगळी."

ती रडेल असं वाटलं. रडली नाही. पुण्याची आहे, मुद्द्यावर येते. "बाबा, मी मिलिंदला अजून सांगितलं नाहीये. सांगितलं तर तो आजच हॅरोला फोन करेल, मला माहितीये तो कसा घाबरतो ते. नाही सांगितलं तर परवा क्लेअर येईल. मला दोन्ही नकोय. पण मी दिवसभर विचार केला, तिसरं काही सुचलं नाही. मी दिवसा घरी राहू शकत नाही. तुम्हाला एकटं ठेवू शकत नाही, आता तर नाहीच."

"मग?"

"तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी करेन. हे मी कुणालाही सांगणार नाही, किंवा आज जेवायच्या आधी सांगेन. तुम्ही म्हणाल ते. पण तुम्ही ठरवायचं. प्लीज. माझ्यावर टाकू नका."

इतक्या वर्षांत मला या घरात कुणी काही ठरवायला दिलं नव्हतं. भाजी कुठली, हेसुद्धा नाही. दिलं ते हे.

म्हटलं, मिलिंद येईपर्यंत वेळ दे. वर आलो. बार्न्या मागोमाग आला, पलंगाशी पसरलाय. श्वास मोजत बसलो होतो, त्याचे की माझे ते चुकलं.

माझ्याशिवाय तो नीट राहील. त्याच्याशिवाय मी राहीन की नाही, हे मला कळणारसुद्धा नाही कदाचित, काही महिन्यांनी. मग कुणासाठी चाललंय हे? त्याच्या नावावरचा डाग पुसायला, हे कारण चांगलं आहे. पण शुक्रवारी सांगून झालं होतं तेव्हा ते सोपं वाटलं होतं, कारण आत कुठेतरी माहीत होतं की मि. मानणार नाही. आज मानेल.

मि.ची गाडी लागली. दार. किल्ल्या ठेवल्याचा आवाज. "बाबा कुठे आहेत?" "वर आहेत. येतील."

जिना उतरायचा आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम. पाचवीपासूनच्या कविता जिभेवर घेऊन जगलो, आणि एक साधं गद्य वाक्य जुळत नाही. कर्ता कोण धरायचा तिथेच अडतंय.

रे.ने हाक मारली. आलो म्हटलं.

दुसऱ्यांदा मारतेय. आलो म्हटलं, आणि इथेच आहे.